रीहामचं पेज

३ ऑक्टोबर २०२२, सोमवार

आज सकाळी रीहामने पोस्ट टाकली.

मी मसूर निवडत बसले होते. फोन वाजला, पाहिलं तर तिचं नाव, तिचा तो फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेला फोटो, आणि खाली — 'या अल्ला, आमच्या गेलेल्यांना माफ कर.' वेळ आत्ताची! आणि ती स्वतः गेल्या महिन्यापासून मातीत. फोन मसुरात पडला.

लुत्फीला फोन लावला. काय बोलले आठवत नाही. 'तुझी बहीण लिहितेय' असंच काहीतरी. कस्टमच्या ऑफिसातून पोरगा तसाच पळत आला, शर्ट घामाने चिकटलेला. त्याला वाटलं, आईचं डोकं फिरलं. फोन बघितला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं.

"आई, ॲप आहे ते. रमजानमध्ये घेतलं असणार तिने. रोज आपोआप एक दुआ टाकतं, तुझ्या नजरेला आजच पडली. माणूस गेलं तरी टाकत राहतं. त्यासाठीच तर घेतात लोक. मेल्यावरही पुण्य चालू राहावं म्हणून."

"एकोणतीस वर्षांची पोर! तिला कशाला हवी होती मेल्यानंतरची सोय?"

"सगळेच घेतात गं. मीपण घेतलंय."

"बंद कर तुझं! आत्ताच्या आत्ता!" म्हटलं. त्याने केलं की नाही कोण जाणे, मान तरी हलवली.

तो गेल्यावर दुआ पुन्हा वाचली. 'आमच्या गेलेल्यांना' म्हणजे तिच्या मनात तिचा बाप असणार. मसूर मात्र आज शिजलेच नाहीत.

४ ऑक्टोबर

दुआ आली. वाट बघत होते. खोटं कशाला लिहू?

६ ऑक्टोबर, गुरुवार

कबरीवर जाऊन आले. दोघं शेजारी शेजारी आता, बाप आणि लेक. गोड पाव वाटले, कुराण वाचणाऱ्याला बसवलं. तो इतक्या घाईत वाचत होता की त्याची बस सुटत होती जणू. "सावकाश वाचा, त्यांना कुठे जायचं नाहीये," असं म्हटलं तर एतिदालने डोळे वटारले.

एतिदाल म्हणजे माझी नणंद. जिभेवर सदा अल्लाचं नाव, आणि त्याच जिभेने विंचवासारखं डसते. परतताना हळूच म्हणते, "वहिनी, मनाला लावून घेऊ नकोस. पण माणूस कुठून उठून गेलं ते तिकडे बघतात. कुणी नमाजेवरून जातं, कुणी हजला जाताना जातं, आणि कुणी…"

"कुणी लग्नातून," मी म्हटलं. "बोल की! तुझ्या तिन्ही पोरींच्या लग्नात रात्रभर वाजवलं तिने. तेव्हा तूच पुढे बसून टाळ्या पिटत होतीस."

ओढणी सावरत पुढे चालू लागली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. तो शब्द आता माझ्याबरोबर घरी आलाय.

रीहाम गेली त्या गुरुवारी दमिएत्ताला लग्न होतं. रीहाम आणि तिचं मंडळ गाऊन परतत होतं. मायक्रोबस ट्रकच्या मागे घुसली. तिच्या मंडळातली मैत्रीण माहीताब पुढे बसली होती, हातावर निभावलं. रीहाम खिडकीशी, मांडीवर बापाची सिमसिमिया, त्याचं ते तारांचं वाद्य. तिच्या तारा मला पिशवीत घालून दिल्या इस्पितळातून. लाकूड कुठे गेलं, विचारलं नाही.

८ ऑक्टोबर

मौलीद, नबीचा जन्मदिवस. गल्लीत साखरेच्या बाहुल्या, तिळाच्या वड्या. आमच्या घरात यंदा मिठाई आणायची नाही, म्हणून वरच्या मजल्यावरून, समोरून, बेकरीवाल्याकडून सगळ्यांनी ताटं पाठवली. दुःखाच्या घरात गोडाचा ढीग! खाणारी मी एकटी, आणि मला साखरेचा त्रास. अर्धं बोळातल्या पोरांना वाटून टाकलं.

दुपारी तिचा फोन घेऊन बसले. काच तडकलीय, पण आत सगळं उघडतं. तिचं पेज पहिल्यांदा मुळापासून पाहिलं. एवढी गाणी आहेत? मला वाटायचं पाच-सहा असतील. बंदरावरची, खलाशांची, बापाने शिकवलेली ती सगळी. मध्येच एखादी नबीची स्तुती, की लगेच पुन्हा खलाशांची थट्टा. एका गाण्यात मागून माझा आवाज येतो — "रीहाम, मासे जळतायत!" आणि ती हसते आणि गातच राहते. ते परत परत लावलं.

खाली लोकांनी लिहिलंय. सुएझचा एक कोळी लिहितो, 'अल्ला हिच्या कबरीत उजेड ठेवो, माझ्या बोटीवर हीच वाजते.' इस्माइलियाची कुणी बाई. एक पोरगा जर्मनीत शिकतो, पोर्ट सैदची आठवण आली की ऐकतो म्हणे. एकालाही मी ओळखत नाही. तिच्यासाठी दुआ मागतायत, आणि तीही गाण्याखाली!

९ ऑक्टोबर

सुएझच्या कोळ्याला उत्तर लिहिलं. 'मी तिची आई.' मग लाजून खोडलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

लुत्फी सकाळी सकाळी दारात. दाढी केलेली नाही, तोंड उतरलेलं. चहा पुढे ठेवला तरी हात लावला नाही. म्हटलं, नोकरी गेली की काय!

"आई, ती स्वप्नात आली."

मी कप ठेवून त्याच्या समोर बसले.

"फेरीवर उभी होती. पलीकडे जायचं होतं तिला, पण बोट सुटत नव्हती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मला म्हणाली, लुत्फी, आवाज बंद कर."

"अजून काय म्हणाली? माझं नाव काढलं?"

"नाही."

"बारीक झाली होती का?"

"आई! ऐक ना मी काय सांगतोय. तिची गाणी अजून चालू आहेत. जो ऐकेल त्याच्या ऐकण्याचं पाप तिला लागतंय. ती खाली पडलीय, आणि वरून चालूच आहे, रोज, दिवसरात्र. दुआचं पुण्य तिला पोचतं असं आपण मानतो ना? मग गाण्याचं पाप पोचणार नाही?"

पोस्टमन एक पत्र आणतो तसं दुसरंही आणणारच. मी काही नास्तिक नाही. हज करून आलेय. नमाज चुकवत नाही. लुत्फीही काही दाढीवाला मौलवी नाही, सिगारेट ओढतो, फुटबॉलच्या दिवशी तोंडाला कुलूप राहत नाही. पण बहिणीसाठी घाबरलाय. रडत होता पोरगा. लहानपणी ती पाण्यात पडली तेव्हा असाच रडला होता, ती बाहेर येऊन हसत होती तरी!

आणि मी एकच विचार करत बसले. त्याच्याकडे आली. माझ्याकडे का नाही?

१४ ऑक्टोबर

तिचा दुपट्टा उशाखाली घेऊन झोपले. काही नाही.

१६ ऑक्टोबर

एतिदालला लुत्फीने स्वप्न सांगितलं. आता ते पोर्ट सैदमध्ये सगळ्यांना पडल्यासारखं झालंय. मासेबाजारात कालवंवाली सुद्धा म्हणते, "हाज्जा, पोरीला मोकळं करा हो." तिच्याकडून कालवं घेतली नाहीत. भावही जास्त सांगत होती.

लुत्फी समजूत घालतो. "मी तुझ्या फोनमध्ये सगळी उतरवून देतो. तू एकटी ऐक, कानाला लावून. कोण अडवतंय?"

"आणि मी मेल्यावर?"

"मी आहे ना."

"तू ऐकशील?"

तो ऐकत नाही. तिचा आवाज लागला की खोलीतून उठून जातो, मी पाहिलंय. म्हणजे मी आहे तोवर ती. मग दोघींवर एकदमच माती.

१८ ऑक्टोबर

माहीताब आली. हात अजून गळ्यात बांधलेला. आल्या आल्या भांडायला उभी राहिली, बसलीसुद्धा नाही.

"मावशी, खरं का? काढणार तुम्ही?"

"बस आधी. ताप आहे का तुला?"

"आमच्या मंडळात बाईने सिमसिमिया हातात घ्यायची म्हणजे केवढी बोलणी खाल्ली तिने, तुम्हाला माहितीय ना? म्हातारे उठून जायचे. नंतर तेच म्हातारे तिच्याकडून जुनी कडवी विचारून घ्यायचे. आता पुसून टाका. म्हणजे ती झालीच नाही!"

"माझ्यावर ओरडू नकोस. मी तिची आई आहे."

"म्हणूनच ओरडतेय!" म्हणाली, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की तिचा दुखरा हात मलाच सांभाळावा लागला. भात आणि मासा खाऊ घातला. ती खाताना मी बघत होते. एवढंच अंतर, पुढची खिडकी आणि मागची. हिच्या आईचा हेवा वाटला. लिहून ठेवते, कारण तोंडाने कधी बोलणार नाही.

२१ ऑक्टोबर

शुक्रवार. दुआ आली. खाली सुएझच्या कोळ्याने 'आमीन' लिहिलंय. तिच्याशी बोलल्यासारखं.

२३ ऑक्टोबर

आज एक भयंकर गोष्ट मनात आली. तिला त्रास होत असेल तर होऊ दे, पण आवाज राहू दे — असं वाटलं. आईला! नमाजेत उभी होते तेव्हाच. सलाम फिरवून नमाज संपवली आणि तिथेच बसून राहिले. स्वतःचीच किळस आली. जिला चटका बसला तर फुंकर घालत रात्र काढायचे, तिला मी तिकडे भाजत ठेवणार, का, तर मला करमावं म्हणून?

२७ ऑक्टोबर, गुरुवार

कबरीवरून थेट मशिदीत. शेख मामूनना गाठलं. बरा माणूस आहे, बायकांशी बोलताना घड्याळ बघत नाही.

"काय गायची ती?" त्यांनी विचारलं.

सांगितलं. बंदराची गाणी, कालव्याची, मधून मधून नबीची स्तुती. एक ओळ म्हणूनही दाखवली. माझा गळा म्हणजे गंजलेली कडी! शेख हसले नाहीत. त्यांचे वडीलही बंदरावर होते, त्यांना पुढची ओळ येत होती. तीही त्यांनी पुटपुटली आणि मग स्वतःच अल्लाची माफी मागत अस्तगफिरुल्लाह म्हणाले.

"हाज्जा, विद्वानांत मतं आहेत. कुणी म्हणतं चालतं, कुणी म्हणतं नाही. मी छातीवर हात ठेवून 'काही होत नाही' असं तुम्हाला सांगू शकत नाही. शंका आहे तिथून दूर राहावं."

"म्हणजे तिला लागतं?"

"तिच्या हातात आता काही नाही. ती बिचारी थांबवू म्हणेल तरी थांबवता येत नाही. पण तुमच्या हातात फोन आहे. ज्याला माहीत आहे, ज्याच्या हातात आहे, आणि तरी जो लोकांपुढे ठेवतो, त्याच्या माथी ते येतं. स्वतःची काळजी करा, हाज्जा. तुमचंही वय झालं."

भीती घातली मला, सरळ. पण आवाज मऊ होता. घरी जायच्या आधी फेरीबोटीवर बसले. आज मुद्दाम पलीकडे पोर्ट फुआदला जाऊन परत आले, तशीच. फेरीला पैसे पडत नाहीत, बसून राहिलं तरी कुणी उठवत नाही. एक मोठं मालवाहू जहाज कालव्यात शिरत होतं, सगळे फोन काढून उभे. मी ओढणीत तोंड घालून रडले.

२८ ऑक्टोबर

लुत्फीला सांगितलं. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी काढू. पेज राहू दे, दुआ राहू देत, गाणी काढ.

"देव तुझं भलं करो, आई," म्हणाला, आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग त्याच्यासाठी भेंडी केली.

३० ऑक्टोबर, रविवार

झालं.

दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आधी त्याने सगळी माझ्या फोनमध्ये उतरवली. मग तिच्या पेजवरून एकेक काढायला घेतलं. मी म्हटलं, प्रत्येक एकदा लावायचं, मग काढायचं. "आई, संध्याकाळ होईल." होऊ दे. संध्याकाळ काय माझ्या बापाची आहे?

पहिली दोन-तीन तो खिडकीकडे तोंड करून बसला. मग बापाचं आवडतं आलं, ज्यात लाटांचा फेस उडतो आणि खलाशी बायकोला खोटं सांगतो. रीहाम त्यात खलाशाचा आवाज काढते, घोगरा, अगदी तिच्या बापासारखा. लुत्फीला हसू आलं. तोंडावर हात धरला पण हसू फुटलंच, आणि त्याच हसण्यातून हुंदका. टेबलावर डोकं आपटून रडला. "ती लहान होती माझ्यापेक्षा," एवढंच म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. पाठ बापासारखीच झालीय, रुंद.

"तू काढ. मला बोट लावता येत नाही," म्हणाला.

मग उरलेली मीच काढली. 'नक्की काढायचं का?' असं तो फोन प्रत्येक वेळी विचारतो. मेल्या, किती वेळा विचारशील!

मासे जळतायत ते सगळ्यात शेवटी. त्याखाली सत्तर-ऐंशी लोकांच्या दुआ होत्या. गाण्याबरोबर त्याही गेल्या. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

३१ ऑक्टोबर

चाळिसावा. मंडप, खुर्च्या, बिनसाखरेची कॉफी. वाचणारा या वेळी चांगला मिळाला. एतिदाल माझ्या शेजारी बसून सगळ्यांना सांगत होती, "काढली हो, सगळी काढली, पोर मोकळी झाली." बायका माझे हात दाबत होत्या. माहीताब आली, फातिहा वाचला, माझ्याकडे न बघता गेली.

लुत्फी म्हणाला, काल रात्री शांत झोप लागली.

१ नोव्हेंबर

दुआ आली. खाली कुणीच नाही.

२ नोव्हेंबर

सुएझच्या कोळ्याने तिच्या पेजवर लिहिलंय — 'पोरी, तुझी गाणी कुठे गेली? बोटीवर सामसूम आहे. घरच्यांना काही झालं का?'

घरच्यांना! दिवसभर ते वाक्य डोळ्यांपुढून हललं नाही. तिचा आवाज माझ्या कानाला लावला, पण पहिल्यासारखं वाटेना. चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. ती बंद खोलीत कधीच गायली नाही. दारं-खिडक्या उघडून गायची, शेजारणींनी बोंब मारली तरी.

शेख मामूनचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवतंय. जो लोकांपुढे ठेवतो, त्याच्या माथी. त्यांनी मला घाबरवायला सांगितलं होतं. घाबरलेही होते मी. पण आज तेच शब्द घेऊन बसलेय, आणि भीती काही लागत नाही.

माहीताबला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळी गाणी माझ्या पेजवर लावली. माझ्या नावाने, माझ्या हाताने. माहीताबने फोनवरून एकेक पायरी सांगितली. वर लिहिलं — 'गाणारी माझी मुलगी रीहाम. ती आता नाही. ही गाणी तिने इथे ठेवलेली नाहीत. ठेवणारी मी, तिची आई, इनशिराह.'

लुत्फीचा फोन आला. "आई, काय केलंस हे! शेख काय म्हणाले होते? हे आता कुणाच्या माथी येणार, कळतंय का तुला?"

म्हटलं, कळतंय. म्हणूनच.